मूत्राशयाचा कर्करोग आणि किरणोपचार : ‘प्रतिसाद’ या संज्ञेची चिकित्सा

मूत्राशयाच्या कर्करोगाविषयीचे संशोधनपर वाङ्मय चाळू लागले म्हणजे एक गोष्ट लगेच लक्षात येते. किरणोपचाराला कोणाचे अर्बुद प्रतिसाद देईल व कोणाचे देणार नाही, हे ठरविणाऱ्या घटकांची यादी दरवर्षी लांबत चालली आहे. रोगाची अवस्था, अर्बुदाचा आकार, मूत्रपिंडास आलेला फुगवटा, रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण, पेशींचा प्रकार, अमुक प्रथिन, तमुक जनुक, असे किती तरी घटक तीत दाखल झालेले आहेत. यादी लांबली म्हणजे ज्ञान वाढले, असा आपला सहज समज होतो. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. रोग मूत्राशयाच्या स्नायुथरात शिरला म्हणजे वैद्यासमोर मुख्यतः दोन मार्ग राहतात. पहिला मार्ग मूत्राशय समूळ काढून टाकण्याचा. त्यात पुरुषाची पुरःस्थ ग्रंथीही जाते, स्त्रीचे गर्भाशयही बहुधा काढले जाते, आणि मूत्राला आतड्याच्या तुकड्यातून नवी वाट करून द्यावी लागते. अनेकांना पोटावरच्या पिशवीसह उरलेले आयुष्य काढावे लागते. दुसरा मार्ग मूत्राशय राखण्याचा. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून अर्बुद शक्य तेवढे खरवडून काढावयाचे, मग किरणोपचार व त्याच्या जोडीला औषधे द्यावयाची, आणि पुढे वेळोवेळी दुर्बिणीने तपासत राहावयाचे. तेव्हा ‘याचे अर्बुद किरणांना प्रतिसाद देणार नाही’ असे एखाद्या घटकाच्या आधारे म्हणणे म्हणजे त्या रुग्णास त्याचे मूत्राशय सोडावयास सांगणे होय. एवढा निर्णय ज्या विधानावर उभा राहतो, ते विधान कोणत्या पायावर उभे आहे हे पाहिलेच पाहिजे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या यादीत तीन भिन्न जातींचे घटक एकत्र मिसळले गेले आहेत. काही घटक रोगाची एकंदर गती सांगतात. उपचार कोणताही केला तरी ते तेच सांगतील. त्यांना आपण ‘रोगगतिसूचक’ म्हणू. काही घटक एका उपचाराचा लाभ कोणास होईल व कोणास होणार नाही हा भेद दाखवितात. त्यांना ‘उपचारभेदसूचक’ म्हणता येईल. तिसऱ्या जातीचे घटक रुग्णाच्या शरीरात नसून उपचार देणाऱ्याच्या हातात असतात. यांपैकी निर्णयाला खरोखर उपयोगी पडतो तो दुसरा वर्ग, आणि पुरावा सर्वांत दुबळा आहे तोही नेमका त्याच वर्गात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखादे लक्षण असलेल्या रुग्णांपैकी किरणोपचारानंतर शंभरांत चाळीस जण पाच वर्षे जगले आणि ते लक्षण नसलेल्यांपैकी साठ जगले, असे समजा. ‘हे लक्षण किरणोपचाराला प्रतिकूल आहे’ असा निष्कर्ष येथे लगेच काढला जातो. पण मूत्राशय काढून टाकलेल्या रुग्णांतही हेच आकडे चाळीस व साठ असतील तर? मग त्या लक्षणाने रोग उग्र आहे एवढेच सांगितले. किरण की शस्त्र, या प्रश्नावर ते मूक आहे. म्हणून ज्या अभ्यासात सर्व रुग्णांना एकच उपचार दिलेला असतो, त्यातून उपचारभेद सिद्ध होऊ शकत नाही. ही गोष्ट उघड आहे. तथापि या विषयावरील पुष्कळसे लेखन तिच्याकडे काणाडोळा करून लिहिले गेले आहे.

आता ‘प्रतिसाद’ या शब्दाकडे वळू. हा शब्द एक असला तरी त्याने मोजली जाणारी वस्तू एक नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या परंपरेत किरणमात्रेचा पहिला भाग, सुमारे ४० ग्रे, दिल्यानंतर थांबून दुर्बिणीने तपासणी करीत. अर्बुद नाहीसे झालेले दिसले तर उर्वरित मात्रा देत, आणि शिल्लक दिसले तर मूत्राशय काढण्याचा सल्ला देत. ब्रिटनमध्ये बहुधा संपूर्ण मात्रा एका ओघात देऊन काही महिन्यांनी तपासण्याची रीत आहे. दोन्हीकडच्या निबंधांत ‘पूर्ण प्रतिसाद’ हाच शब्द येतो; परंतु एकीकडे तो अर्ध्या वाटेवरचा मुक्काम आहे व दुसरीकडे वाटेचा शेवट. हे आकडे एका कोष्टकात शेजारी शेजारी मांडणे म्हणजे शेर आणि मैल यांची बेरीज करण्यासारखे आहे.

याहून बोधप्रद उदाहरण ब्रिटनमधील ‘बीकॉन’ या प्रयोगाचे आहे. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात ३३३ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून एका गटास केवळ किरणोपचार आणि दुसऱ्यास त्याच्या जोडीला कार्बोजेन, म्हणजे थोडा कर्बद्विप्राणिल वायू मिसळलेला प्राणवायू, व निकोटिनामाइड दिले गेले. प्रयोगाचे ठरविलेले मुख्य माप होते सहा महिन्यांनी दुर्बिणीतून दिसणारे रोगनियंत्रण. ते जोड-उपचाराच्या गटात ८१ टक्के व दुसऱ्या गटात ७६ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक नव्हता. पण तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५९ व ४६ टक्के होते, आणि येथे मात्र फरक ग्राह्य ठरला. आता या उपचाराला ‘प्रतिसाद’ वाढला असे म्हणावयाचे की नाही? दुर्बिणीला विचारावे तर उत्तर अनिश्चित. आयुष्याला विचारावे तर होकारार्थी. मुख्य माप चुकले असता दुय्यम मापावर विसंबणे शास्त्राच्या शिस्तीत बसत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने तर जगणे हेच मुख्य माप. या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच : निबंध वाचताना ‘प्रतिसाद’ हा शब्द आला की त्याच्या जागी जे प्रत्यक्ष मोजले गेले ते शब्द घालून वाक्य पुन्हा वाचावे.

पहिल्या जातीच्या घटकांत सर्वांत प्रतिष्ठित घटक म्हणजे प्रारंभीच्या खरवडणीची पूर्णता. बॉस्टनच्या ३४८ रुग्णांचा जो वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात डोळ्यांना दिसणारे सर्व अर्बुद काढता आलेल्यांत पूर्ण प्रतिसाद ७९ टक्के होता आणि जेथे ते काढता आले नाही तेथे ५७ टक्के. फरक मोठा आहे आणि त्याची दखल घेणे योग्यच आहे. परंतु तो काय दाखवितो? अर्बुद लहान असेल, एकाच जागी असेल, भिंतीत खोल रुतलेले नसेल, तेव्हाच ते पूर्ण निघते. म्हणजे पूर्ण खरवडणी हे कारण आहे की अर्बुद सौम्य असल्याची खूण आहे, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. शिवाय शस्त्रवैद्याच्या हाताचे कौशल्य त्यात मिसळलेले असतेच. मूत्रवाहिनी तुंबून मूत्रपिंड फुगणे, रोग मूत्राशयाच्या बाहेरील मेदात पोहोचणे, अस्तरात सर्वत्र विखुरलेला पृष्ठस्थ कर्करोग असणे, या सर्वांची गोष्ट तीच. ही लक्षणे असलेल्यांना किरणोपचाराने कमी गुण येतो हे खरे. पण मूत्रपिंडाचा फुगवटा आणि रोगाची पुढची अवस्था ही शस्त्रक्रियेनंतरही अशुभच असतात. विखुरलेल्या पृष्ठस्थ रोगाची बाब थोडी वेगळी आहे, कारण राखलेल्या अस्तरात पुन्हा रोग उद्भवण्याची भीती तेथे स्वतंत्रपणे संभवते; म्हणून तो घटक इतरांच्या पंक्तीत सरसकट बसवू नये.

निवड हा घटक येथे पडद्यामागून काम करीत असतो. त्याच रुग्णालयाचा ४७५ रुग्णांचा पुढील वृत्तांत २०१७ साली आला. त्यात १९८६ पासून २०१३ पर्यंतच्या कालखंडात पूर्ण प्रतिसादाचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांपर्यंत चढलेले दिसते. उपचार सुधारला, हे त्याचे एक स्पष्टीकरण. रुग्ण अधिक पारखून घेतले जाऊ लागले, हे दुसरे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, आणि एकाच उपचारगटाच्या वृत्तांतावरून त्यांना वेगळे काढणे अशक्य आहे. अन्यत्र याच्या उलटही घडत आले आहे. ज्यांचे वय फार झाले आहे, ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड शस्त्रक्रियेचा ताण सोसणार नाही, अशांना किरणोपचाराकडे पाठविण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. मग किरणोपचाराचे निकाल शस्त्रक्रियेहून उणे दिसले यात नवल ते काय? तो उणेपणा किरणांचा नसून पाठवणीचा होता.

हा गुंता सोडविण्याचा सरळ मार्ग म्हणजे यादृच्छिक तुलना. ब्रिटनमध्ये ‘स्पेअर’ नावाने तसा प्रयत्न झाला; पण ४५ रुग्णांपलीकडे नोंदणी जाईना, आणि २०१० साली तो बंद करावा लागला. मूत्राशय ठेवावयाचे की काढावयाचे, याचा निर्णय नशिबाच्या चिठ्ठीवर सोडण्यास रुग्ण व वैद्य दोघेही सहसा राजी होत नाहीत, हाच त्याचा धडा. त्यानंतरचा उत्तम पर्याय २०२३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या, उत्तर अमेरिकेतील तीन केंद्रांच्या अभ्यासाचा. दोन्ही उपचारांस पात्र ठरू शकले असते अशाच ७२२ रुग्णांची, ४४० शस्त्रक्रियेचे व २८२ मूत्राशय राखलेले, गणिती समतोल साधून तुलना केली असता पाच वर्षे दूरस्थ प्रसाराविना राहिलेल्यांचे प्रमाण दोहोंकडे चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखेच, आढळले. गणिती समतोल हा यादृच्छिक विभागणीचा पूर्ण पर्याय नव्हे. जे नोंदले गेले नाही त्याचा समतोल साधता येत नाही. तरीही एकेरी वृत्तांतांच्या ढिगाऱ्यापेक्षा या एका तुलनेचे वजन आम्ही अधिक मानतो.

आता दुसऱ्या, म्हणजे उपचारभेदसूचक घटकांचा विचार करू. येथे भौतिकी व जीवशास्त्र यांचा भक्कम पाया लाभलेला घटक एकच, तो म्हणजे प्राणवायू. किरणांनी पेशीच्या गुणसूत्रद्रव्यास होणारी इजा प्राणवायूच्या सान्निध्यात पक्की होते. त्याच्या अभावी ती पुष्कळ अंशी भरून निघते. पूर्णपणे प्राणवायुहीन पेशी मारण्यास सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते. लुई हॅरल्ड ग्रे व त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली या परिणामाचे किरणोपचारातील महत्त्व मांडले. पुढे १९५५ साली टॉमलिन्सन व ग्रे यांनी फुप्फुसाच्या अर्बुदांचे छेद तपासून दाखविले की रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दोन-दशांशाहून कमी अंतरावरच पेशी मृत होऊ लागतात, कारण प्राणवायू त्यापुढे झिरपत नाही. मृत पट्ट्याच्या कडेला ज्या पेशी कशाबशा तग धरून असतात, त्याच किरणांना दाद न देणाऱ्या.

हिमोग्लोबिन कमी असणे प्रतिकूल ठरते, या निरीक्षणाचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला जातो. पण येथेही सावध राहावे. मूत्राशयाच्या कर्करोगात रक्तक्षय मूत्रावाटे होणाऱ्या रक्तस्रावाने किंवा मूत्रपिंडे निकामी होत गेल्यानेही होतो. म्हणजे तो मोठ्या व जुनाट रोगाची खूण असू शकतो. रक्त भरून हिमोग्लोबिन वाढविले की किरणांचा गुणही वाढेल, असे त्या निरीक्षणातून आपोआप निष्पन्न होत नाही. बीकॉन प्रयोगाच्या जतन केलेल्या ऊतींवरील पुढील काम मात्र निराळ्या दर्जाचे आहे. २०१३ साली असे दिसले की ज्यांच्या अर्बुदात मृत ऊतींचे पट्टे होते, त्यांनाच कार्बोजेन व निकोटिनामाइड यांचा लाभ झाला. इतरांना तो दिसला नाही. २०१७ साली चोवीस जनुकांच्या एका संचानेही त्याच दिशेने निर्देश केला. येथे दोन उपचारगट यादृच्छिक पद्धतीने बनलेले होते, आणि घटक असता व नसता उपचाराच्या लाभात पडणारा फरक तपासला गेला. उपचारभेदाचा पुरावा असाच असावा लागतो. तो पश्चाद्दर्शी आहे, प्रयोग संपल्यावर शोधलेला आहे, ही त्याची उणीव; पण त्याची घडण निर्दोष आहे.

घडण निर्दोष असूनही पुरावा कसा ढासळतो, हे पाहावयाचे असेल तर एमआरई-११ या प्रथिनाचा इतिहास वाचावा. दुभंगलेले गुणसूत्रद्रव्य ओळखून सांधण्याच्या कामात या प्रथिनाचा वाटा असतो. २०१० साली अनन्या चौधरी, अ‍ॅनी किल्टी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की ज्यांच्या अर्बुदात हे प्रथिन अधिक होते, त्यांच्यापैकी सुमारे ६९ टक्के रुग्ण किरणोपचारानंतर तीन वर्षांनी या रोगाच्या मृत्यूपासून बचावलेले होते; ज्यांच्यात ते कमी होते त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ४३ टक्के. शिवाय त्यांनी तुलनेची अटही पाळली : मूत्राशय काढलेल्या रुग्णांत हा भेद दिसला नाही. उपचार निवडण्याची किल्ली हाती आली, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक होते. परंतु २०१९ साली त्याच संशोधनपरंपरेतून जो मोठा पडताळा प्रसिद्ध झाला त्यात हा संबंध टिकला नाही. ऊतीच्या छेदावर चढविलेल्या रंगाची गडदता मोजण्याची पद्धत प्रयोगशाळेगणिक बदलत होती. एका ठिकाणचे ‘अधिक’ दुसऱ्या ठिकाणी ‘कमी’ ठरू शकत होते. दरम्यान २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी केंद्रकातील व केंद्रकाबाहेरील प्रथिनाचे गुणोत्तर हे वेगळेच माप वापरून अनुकूल निष्कर्ष काढला होता. म्हणजे गृहीतक अद्याप मेलेले नाही. पण ज्या मोजपट्टीने ते मोजावयाचे तीच लवचीक आहे. स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष टिकत नाही, हे प्रसिद्ध करणाऱ्यांचे शास्त्रावर मोठे उपकार आहेत. नकारात्मक पडताळे दप्तरात पडून राहतात आणि पहिले होकारार्थी निबंध उद्धृत होत राहतात, हा आपल्या विद्याव्यवहाराचा जुना दोष होय.

तिसरा वर्ग उपचार देणाऱ्याच्या हातातील घटकांचा. पुराव्याच्या दृष्टीने हाच सर्वांत समृद्ध आहे, आणि ‘प्रतिसादाचे घटक’ म्हणून त्याचीच गणना सर्वांत कमी होते. ब्रिटनमधील ‘बीसी २००१’ या प्रयोगात ३६० रुग्ण होते; त्याचा वृत्तांत २०१२ साली आला. किरणांच्या जोडीला फ्लुओरोयुरॅसिल व मायटोमायसिन दिले असता दोन वर्षांनी मूत्राशय व श्रोणिभाग रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण ३५ व ४८ टक्के असे होते. मात्र हा दुसरा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निश्चित ठरला नाही, हे विसरू नये. ज्यांची मूत्रपिंडे सिसप्लॅटिन सोसू शकत नाहीत त्यांनाही ही औषधे देता येतात, ही त्यांतील व्यावहारिक सोय.

मात्रेच्या विभागणीचेही तसेच. २०२१ साली बीसी २००१ व बीकॉन यांतील ७८२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली असता, वीस भागांत दिलेली ५५ ग्रे मात्रा बत्तीस भागांत दिलेल्या ६४ ग्रेपेक्षा स्नायुगामी रोगाच्या स्थानिक नियंत्रणात सरस व विषारी परिणामांत तिच्याहून वाईट नसलेली आढळली. येथे चिकित्सकाने एक टीप जोडली पाहिजे : कोणती विभागणी द्यावयाची हे चिठ्ठीने नव्हे, तर केंद्राच्या रिवाजाने ठरलेले होते. म्हणून पुरावा जोड-औषधांइतका शुद्ध नाही. तथापि बारा खेपा वाचणे ही दूर गावाहून येणाऱ्या रुग्णासाठी लहान गोष्ट नव्हे.

शेवटी खुद्द अवयवाचा स्वभाव. मूत्राशय हे स्थिर लक्ष्य नाही. ते दिवसागणिक, तासागणिक भरते व रिते होते. शेजारच्या आतड्यातील वायूने सरकते. कालच्या चित्रावर आखलेला किरणझोत आज अर्बुदाच्या एका कडेला चुकवू शकतो. मग रोग राहिला तर दोष कोणाच्या माथी जातो? ‘अर्बुदाने प्रतिसाद दिला नाही’ असेच नोंदले जाते. या चुकीवर उपाय म्हणून लहान, मध्यम व मोठ्या मूत्राशयासाठी वेगवेगळ्या आखण्या आधीच तयार ठेवून त्या दिवशीच्या चित्राप्रमाणे योग्य ती निवडण्याची पद्धत पुढे आली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी या पद्धतीवर २०११ व २०१६ साली निबंध प्रसिद्ध केले. आपल्याकडील विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावेत.

एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेले बहुतेक अभ्यास ब्रिटन व उत्तर अमेरिका येथील असून त्यांतील रोग मुख्यतः मूत्रमार्गाच्या अस्तरपेशींचा आहे. ईजिप्तमध्ये बिल्हार्झिया कृमींच्या जुनाट प्रादुर्भावातून खपलीपेशींचा कर्करोग दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर आढळत आला. तो रोग, त्याची कारणे व त्याचे रुग्ण सर्वच भिन्न. एका देशात तयार झालेली घटकांची यादी दुसऱ्या देशात जशीच्या तशी लावणे म्हणूनच अशास्त्रीय होय.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे : रुग्णाच्या शरीरातील बहुतेक प्रसिद्ध घटक रोग किती उग्र आहे हे सांगतात, किरणोपचार टाळावा की नाही हे सांगत नाहीत. उपचारभेद दाखविण्याच्या जवळ पोहोचलेला घटक प्राणवायूचा अभाव हाच. त्याचाही वापर करून रुग्णांची निवड आधी करणारा व मग निकाल पाहणारा पुरावा हवा. आणि जे निश्चितपणे सुधारता येते ते आपल्या हातात आहे : खरवडणीची काळजी, जोडीची औषधे, मात्रेची विभागणी, झोताचा नेम.

अभ्यासकाने यापुढे असा कोणताही निबंध हाती घेतला म्हणजे त्यास चार प्रश्न विचारावेत. ‘प्रतिसाद’ म्हणून नेमके काय व केव्हा मोजले? दुसऱ्या उपचाराच्या रुग्णांत हाच घटक तपासला काय? मोजणी दुसऱ्या प्रयोगशाळेत तशीच निघाली काय? आणि हे रुग्ण या गटात कसे आले? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या घटकाची नोंद यादीत खुशाल करावी. परंतु त्याच्या बळावर कोणासही त्याचे मूत्राशय सोडावयास सांगू नये.